उजेड परक्या अणूचा की रिकाम्या जागेचा?

पेण तालुक्यात हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत साच्यांत ओतले जाणारे प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने कॅल्शियम सल्फेट. त्यातल्या दर दोन रेणूंमागे पाण्याचा एक रेणू असतो. एक्स-रे विभागात काम करणारे तंत्रज्ञ छातीवर जो प्लास्टिकचा बॅज लावतात, त्याच्या आतल्या पांढऱ्या चकत्यांतही कॅल्शियम सल्फेटच असते. फरक इतकाच की त्यात पाणी नसते, आणि दर एक-दोन हजार कॅल्शियम अणूंमागे डिस्प्रोसियम या मूलद्रव्याचा एक अणू मिसळलेला असतो. मूर्तीवर किरणोत्सार पडला तर बघण्याजोगे काही घडत नाही. बॅजमधली चकती मात्र तीन महिन्यांत अंगावर पडलेल्या किरणांचा हिशेब साठवून ठेवते आणि तापवल्यावर तो उजेडाच्या रूपात परत देते.

हा उजेड नेमका कोणाचा? मुद्दाम मिसळलेल्या परक्या अणूचा, म्हणजे डोपंटचा, की स्फटिकाच्या रचनेत राहून गेलेल्या दोषांचा? आणि तीच पावडर काही नॅनोमीटरांपर्यंत बारीक केली तर उजेड वाढतो की घटतो? सिरॅमिक पावडरींच्या अभ्यासकांमध्ये हा वाद अनेक दशके चालू आहे. पेणच्या धरमतर खाडीचे पाणी ज्या मुंबई बंदरात जाऊन मिळते, त्याच बंदराच्या काठावर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारतात हा प्रश्न सर्वांत चिकाटीने हाताळला गेला तो तिथे, आणि नागपूर, अमरावती, पुणे इथल्या विद्यापीठांत.

शुद्ध स्फटिक अंधारात का राहतो

सिरॅमिक पदार्थांत इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी घट्ट बांधलेले असतात. त्यांना मोकळे करायला लागणारी ऊर्जा फार मोठी असते. अ‍ॅल्युमिनाच्या निर्दोष स्फटिकात ती ९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळपास आहे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढीच असते. म्हणून दृश्य प्रकाश अशा स्फटिकातून काही न घडता आरपार जातो, आणि स्फटिक स्वतःही दृश्य प्रकाश देऊ शकत नाही. उजेड हवा असेल तर या रुंद दरीच्या मध्ये कुठेतरी पायऱ्या लागतात. त्या दोन वाटांनी मिळतात. एखादा परका अणू स्वतःच्या ऊर्जापातळ्या घेऊन येतो, किंवा एखादा अणू जागेवरून नाहीसा होतो आणि त्या रिकाम्या जागेत अडकलेला इलेक्ट्रॉन नव्या पातळ्या निर्माण करतो.

परका अणू आला म्हणजे उजेड येतोच असे नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकलसारखे रंगद्रव्यांचे कारखाने आहेत. शाईत आणि रंगात सर्वत्र वापरले जाणारे निळे रंगद्रव्य, कॉपर फ्थॅलोसायनिन, याच उद्योगातले. त्याच्या रेणूच्या मध्यभागी तांब्याचा अणू असतो, आणि शोषलेली ऊर्जा त्या तांब्यामुळे जवळजवळ सगळी उष्णतेत जाते. रंग गडद दिसतो, पण पदार्थ स्वतः उजळत नाही. तेच तांबे झिंक सल्फाइडच्या स्फटिकात अत्यल्प प्रमाणात घातले की हिरवा उजेड मिळतो. मूलद्रव्य एकच, पण भोवतालचे घर बदलले की त्याचे वागणे उलटते. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या घराच्या रचनेत आहे.

बोलोन्यापासून ट्रॉम्बेपर्यंत

कृत्रिमरीत्या तयार केलेल्या उजळत्या पदार्थाची पहिली प्रसिद्ध नोंद इटलीतल्या बोलोन्याची आहे. १६०२-०३ च्या सुमारास विन्चेन्झो काशियारोलो नावाच्या चांभाराने, ज्याला किमयेचा नाद होता, एक जड दगड कोळशाबरोबर भाजला. तो दगड उन्हात ठेवून अंधारात नेला की बराच वेळ चमकत राहायचा. मूळ दगड बेरियम सल्फेटचा होता आणि भाजल्यावर त्याचे बेरियम सल्फाइड झाले. उजेड देणारा खरा घटक कोणता, हे कळायला चारशे वर्षे लागली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो दगडात निसर्गतःच असलेला तांब्याचा अंश असल्याचे दिसले.

एकोणिसाव्या शतकात झिंक सल्फाइड आले, विसाव्या शतकात ट्यूबलाइट आणि टीव्हीचे पडदे. फॉस्फर म्हणजे उजेड देणारी पावडर, आणि ती बनवणे म्हणजे योग्य मिसळ शोधणे, असे समीकरण पक्के झाले. दोष ही नको असलेली गोष्ट होती. भट्टीचे तापमान वाढवून, स्फटिक मोठे करून ते कमी करायचे, अशी कारखान्यांतली रीत होती. मात्रामापनाच्या, म्हणजे किरणोत्साराची मात्रा मोजण्याच्या, क्षेत्राने ही समजूत पहिल्यांदा गंभीरपणे हलवली. तिथे उजेड लगेच नको असतो. तो महिनोन्महिने अडवून ठेवायचा असतो, आणि अडवून ठेवायला दोष लागतात.

कॅल्शियम सल्फेटचा धडा

डिस्प्रोसियम किंवा थुलियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट किरणोत्सार मोजायला उत्तम आहे, हे जपानमधल्या यामाशिता आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास दाखवले. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हा पदार्थ देशातच बनवला, टेफ्लॉनमध्ये मिसळून त्याच्या चकत्या पाडल्या आणि १९७० च्या दशकात जुन्या फिल्म बॅजच्या जागी तो आणला. बनवण्याची कृती ऐकायला सोपी आहे. कॅल्शियम सल्फेट आणि थोडा डिस्प्रोसियम ऑक्साइड तप्त, तीव्र गंधकाम्लात विरघळवायचा, आम्ल हळूहळू उडवून टाकायचे, उरलेले स्फटिक ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायचे, मग दळून चाळायचे. हे कण मायक्रोमीटरांत मोजले जातात. नॅनो मुळीच नव्हेत.

बॅज उघडून पाहिला तर आत अ‍ॅल्युमिनियमची, निकेलचा मुलामा दिलेली एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर तीन चकत्या. एकीच्या समोर धातूचा गाळणीपडदा, दुसरीसमोर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. हे पडदे लागतात कारण कॅल्शियम सल्फेटचा परिणामी अणुक्रमांक १५ च्या वर आहे आणि शरीरातल्या मऊ ऊतींचा साडेसातच्या आसपास; त्यामुळे कमी ऊर्जेचे एक्स-किरण ही पावडर शरीरापेक्षा कितीतरी जास्त शोषते. तीन चकत्यांची उत्तरे ताडून पाहिली की किरण कोणत्या जातीचे होते ते समजते. वाचनयंत्रात पट्टीवर तापवलेला नायट्रोजन सोडतात. तापमान २०० अंशांच्या पुढे गेले की चकतीतून मंद निळा-पिवळा उजेड बाहेर पडतो आणि प्रकाशगुणक नळी तो मोजते.

इथे प्रश्नाची पहिली स्वच्छ फोड झाली. डिस्प्रोसियम मिसळले तर उजेड ४८० आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास येतो. त्याच्या जागी थुलियम घातले तर रंग बदलून निळा होतो. पण उजेड कोणत्या तापमानाला बाहेर पडतो, ते जवळजवळ तेच राहते: २२० अंशांच्या आसपास. म्हणजे रंग ठरवतो डोपंट, आणि इलेक्ट्रॉनला अडवून धरणारा सापळा कुठेतरी दुसरीकडे, स्फटिकाच्या स्वतःच्या रचनेत असतो.

हा दुसरा भाग आला कुठून? डिस्प्रोसियमच्या आयनावर धन भार ३, तर ज्या कॅल्शियमची जागा तो घेतो त्याच्यावर २. आकार जुळतो, भार जुळत नाही. स्फटिकाला एकूण भार शून्य ठेवावा लागतो, म्हणून दर दोन डिस्प्रोसियमांमागे एक कॅल्शियमची जागा रिकामी राहू शकते. डोपंट असा आपल्याबरोबर दोष घेऊनच येतो. ‘डोपंट की दोष’ अशी सरळ लढत या पदार्थात लावताच येत नाही, आणि या क्षेत्राने गेल्या पन्नास वर्षांत शिकलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

तरी सापळ्यात नेमके काय घडते यावर दोन मते राहिली. ट्रॉम्बेच्या के. एस. व्ही. नंबी, व्ही. एन. बापट आणि ए. के. गांगुली यांच्या १९७४ च्या निबंधाने डिस्प्रोसियम किंवा थुलियमसारखा दुर्मीळ मृदा आयन स्वतःच इलेक्ट्रॉन घेतो, त्याचा भार ३ वरून २ होतो आणि तापवल्यावर तो परत ३ वर येताना उजेड देतो, असे चित्र मांडले. दुसऱ्या मतानुसार किरणांमुळे सल्फेटच्या गटांतून मुक्त मूलके बनतात, इलेक्ट्रॉन आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जागा त्यांच्यात अडकतात, आणि त्यांचे मीलन झाल्यावर सुटलेली ऊर्जा शेजारच्या डिस्प्रोसियमला दिली जाते. इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक अनुनाद तंत्राने ही मूलके दिसतात आणि तापवल्यावर ती नाहीशी होतात, हा या मताचा मोठा आधार. पहिल्या मताचे बळ असे की इतके वेगवेगळे दुर्मीळ मृदा आयन एकाच चौकटीत बसवता येतात. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालत असण्याची शक्यताही कोणी पुरती फेटाळलेली नाही.

रिकाम्या जागेचा पक्ष

दोषाच्या बाजूने सर्वांत ठळक साक्ष अ‍ॅल्युमिनाची. रशियातल्या उरल पॉलिटेक्निक संस्थेतल्या अक्सेलरोद, कोर्तोव आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कार्बनयुक्त अ‍ॅल्युमिनाचे एकस्फटिक मांडले. त्यांची संवेदनशीलता तेव्हाच्या प्रचलित लिथियम फ्लोराइडच्या ४० ते ६० पट होती. यात उजेड देणारे केंद्र कार्बन नव्हे. ऑक्सिजनचा अणू गेलेली जागा आणि तिथे राहिलेले दोन इलेक्ट्रॉन मिळून ४२० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात. एकच इलेक्ट्रॉन उरला असेल तर प्रकाश अतिनील भागात, ३३० नॅनोमीटरजवळ सरकतो.

मग कार्बन करतो काय? एक गट म्हणतो, कार्बनचे काम भट्टीतले वातावरण ऑक्सिजनला भुकेले ठेवणे एवढेच; तसे वातावरण दुसऱ्या मार्गाने तयार केले तरी रिकाम्या जागा होतात. दुसरा गट म्हणतो, कार्बन स्वतः स्फटिकाच्या जालकात शिरतो आणि भाराचा तोल सांभाळण्यासाठी जास्त जागा रिकाम्या ठेवायला लावतो. ट्रॉम्बेला अ‍ॅल्युमिना ग्रॅफाइटच्या सान्निध्यात वितळवून हा पदार्थ बनवण्याची पद्धत विकसित झाली. तिच्यामुळे महागडे एकस्फटिक वाढवण्याची गरज टळली, पण कार्बन नक्की कुठे बसतो हा प्रश्न त्या पद्धतीलाही लागू आहेच. ट्रॉम्बेच्याच ढाबेकर, चौगावकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये टर्बियम आणि बोरॉन मिसळलेला लिथियम मॅग्नेशियम फॉस्फेट पुढे आणला. तो तापवण्याऐवजी प्रकाशाच्या झोताने वाचता येतो. तिथेही टर्बियम रंग ठरवतो, पण बोरॉनमुळे संवेदनशीलता का वाढते यावर एकच उत्तर नाही.

झिंक ऑक्साइडची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि दोषवाद्यांनी सावध राहावे अशी. या साध्या पांढऱ्या पावडरीवर अतिनील प्रकाश टाकला की ती हिरवट उजळते. १९६९ मध्ये डिंगल यांनी त्याचे श्रेय अशुद्धी म्हणून आलेल्या तांब्याला दिले. १९९६ मध्ये वॅनह्यूस्डेन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवले. हा निबंध इतका वाचला गेला की पुढच्या दशकभरात नॅनो झिंक ऑक्साइडवरच्या असंख्य लेखांत हिरवा उजेड दिसला की ‘ऑक्सिजनची रिकामी जागा’ असे लिहून मोकळे होण्याची सवय लागली. २००७ मध्ये जानोत्ती आणि व्हॅन द वॅले यांच्या गणिताने ती सवय अडचणीत आणली: ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेपेक्षा जस्ताची रिकामी जागा हिरव्या उजेडाला जास्त जुळते. आज बहुतेक जाणकार मानतात की एकच हिरवा पट्टा वेगवेगळ्या नमुन्यांत वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतो. हे उत्तर प्रामाणिक आहे. मात्र ज्याला उद्या कारखान्यात एकसारखी पावडर काढायची आहे, त्याच्या ते फारसे उपयोगाचे नाही.

अंधारात चमकणारी हिरवी पावडर

आणीबाणीच्या दारांवरच्या पाट्या, घड्याळाचे काटे आणि बाजारात ‘रेडियम’ म्हणून विकली जाणारी चमकती चित्रे यांत आज बहुधा युरोपियम-डिस्प्रोसियमयुक्त स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असते. यात रेडियम मुळीच नसते. जपानमधल्या मात्सुझावा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा पदार्थ जगासमोर ठेवला. ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा त्याचा हिरवा उजेड दहा तासांहून जास्त टिकतो. नुसते युरोपियम घातले तर उजेड येतो, पण लवकर विझतो. डिस्प्रोसियम जोडीला आले की तो रात्रभर पुरतो.

का, यावर तीन मते आली. मात्सुझावांच्या मते युरोपियम इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून मोकळी झालेली धन जागा डिस्प्रोसियम धरून ठेवतो. नेदरलँड्समधल्या डॉरेनबोस यांनी २००५ मध्ये याला आक्षेप घेतला. अशा पदार्थांत युरोपियमला एक भाराच्या आणि डिस्प्रोसियमला चार भारांच्या अवस्थेत नेणे ऊर्जेच्या हिशेबात बसत नाही, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या मांडणीत युरोपियम इलेक्ट्रॉन सोडतो आणि डिस्प्रोसियम तो पकडतो. त्याच वर्षी फ्रान्समधल्या क्लाबो यांच्या गटाने सापळ्याचे काम ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे दिले. डिस्प्रोसियम त्यांना स्थिर करतो आणि खोल करतो, एवढीच त्याची भूमिका.

पहिले मत आता मागे पडले आहे. युरोपियम इलेक्ट्रॉन गमावतो हे क्ष-किरण शोषणाच्या प्रयोगांनी नात्यातल्या पदार्थांत दिसले. २०२० मध्ये बेल्जियममधल्या जूस, स्मेट आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियमच्याच दुसऱ्या एका अ‍ॅल्युमिनेटमध्ये डिस्प्रोसियम प्रत्यक्ष इलेक्ट्रॉन पकडतो, हे अशाच तंत्राने दाखवले. डॉरेनबोस यांच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. तरी डिस्प्रोसियम नसलेल्या नमुन्यांतही थोडा काळ उजेड टिकतो, म्हणजे काही सापळे स्फटिकाचे स्वतःचे आहेत. क्लाबो यांचे म्हणणे त्यामुळे पूर्ण बाद होत नाही.

याच पदार्थाची एक व्यावहारिक अडचण कोकणाला जवळची आहे. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट पाण्याशी अभिक्रिया करते आणि त्याची रचना मोडते. कण जितका बारीक, तितका पाण्याला उघडा पृष्ठभाग जास्त. रायगडासारख्या पावसाळी मुलखात उघड्यावर वापरायचे असेल तर कणांवर वेगळे संरक्षक आवरण चढवावे लागते किंवा राळेत पक्के बंद करावे लागते. नॅनो पावडरीचा फायदा मोजताना हा खर्चही मोजायला हवा.

कण लहान झाल्यावर

१० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाचा बाहेरचा ०.३ नॅनोमीटरचा थर, म्हणजे साधारण एक अणूचा पापुद्रा, त्याच्या एकूण आकारमानाच्या १७ टक्के असतो. ५ नॅनोमीटरच्या कणात तो ३२ टक्क्यांवर जातो. एक मायक्रोमीटरच्या कणात मात्र ०.२ टक्क्यांहूनही कमी. पृष्ठभागावरच्या अणूंचे शेजारी अर्धवट असतात, त्यांना पाणी आणि हायड्रॉक्सिल गट चिकटतात, आणि त्या गटांची कंपने दुर्मीळ मृदा आयनांची ऊर्जा उष्णतेत घालवतात. कण नॅनो केला की पृष्ठभाग हाच सर्वांत मोठा दोष होऊन बसतो.

या पावडरी बनवण्याची महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत रुळलेली पद्धत ज्वलनाची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सले आणि पाटील यांनी १९८८ मध्ये ती अ‍ॅल्युमिनासाठी प्रसिद्ध केली. पसरट पात्रात अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया थोड्या पाण्यात विरघळवायचे, डोपंटही नायट्रेटच्या रूपात त्यातच घालायचा आणि पात्र ५०० अंशांच्या भट्टीत सरकवायचे. आधी द्रावण उकळते, मग घट्ट होऊन फेसाळते, वायू सुटतात आणि एकाएकी ज्वाळ उठते. भट्टी ५०० अंशांवर असली तरी ज्वाळेचे तापमान दीड हजार अंशांच्या घरात जाते. पाच मिनिटांत पात्रात पांढरा, हलका, जाळीदार भुगा उरतो. बोटाने दाबला की त्याचे पीठ होते. नागपूर विद्यापीठातल्या एस. व्ही. मोहरील आणि एस. जे. ढोबळे यांच्या, तसेच अमरावती विद्यापीठातल्या एस. के. ओमनवार यांच्या गटांनी या आणि इतर पद्धतींनी फॉस्फरचे मोठे काम उभे केले. महागडी यंत्रे नसताना विदर्भातल्या विद्यार्थ्यांना जागतिक प्रश्नावर काम करता आले, याचे श्रेय बऱ्याच अंशी या स्वस्त आणि झटपट पद्धतीला जाते. पण क्षणभराच्या ज्वाळेत स्फटिकाला सावरायला वेळ मिळत नाही. कार्बनचे अवशेष राहतात, काही ऑक्सिजन जागेवर येत नाही, आणि इंधनाचे प्रमाण थोडे बदलले की ज्वाळ बदलते, दोषही बदलतात.

नॅनोच्या बाजूने सर्वांत गाजलेला दावा १९९४ चा. अमेरिकेत रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांनी मँगॅनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवले आणि सांगितले की कण लहान झाल्याने मँगॅनीजचा उजेड सुमारे लाखपट जलद झाला, मिलिसेकंदांवरून नॅनोसेकंदांवर आला, आणि कार्यक्षमताही चांगली राहिली. खरे ठरले असते तर नॅनो म्हणजे नुसता लहान कण न राहता नवे भौतिकशास्त्र ठरले असते. जगभर काम सुरू झाले. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९५ मध्येच मँगॅनीजयुक्त आणि तांबेयुक्त झिंक सल्फाइडचे नॅनोकण पाण्यातल्या साध्या रासायनिक पद्धतीने बनवून दाखवले. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या बोल आणि माइयरिंक यांनी मोजणी वेगळ्या रीतीने केली: मँगॅनीजचा नारिंगी उजेड वेळेनुसार वेगळा काढला. मँगॅनीज अजूनही मिलिसेकंदांतच विझत होते. नॅनोसेकंदांचा झपाटा होता तो त्याच रंगपट्ट्यावर पसरलेल्या, दोषांतून येणाऱ्या मंद उजेडाचा. दोषाचे श्रेय डोपंटला दिले गेले होते.

हा वाद आता बहुतांशी मिटला आहे, पण त्याने क्षेत्राला सावध केले. नॅनो पावडरीचा रंगपट दिसला म्हणजे तो कोणाचा हे कळले, असे आता मानत नाहीत. उजेड विझायला किती वेळ लागतो, हे मोजल्याशिवाय निष्कर्ष धरला जात नाही.

कॅल्शियम सल्फेटवरही नॅनोची कसोटी झाली. नागपूरला मोहरील यांच्याबरोबर फॉस्फरवर काम केलेले पी. डी. सहारे पुढे दिल्ली विद्यापीठात गेले. तिथे नुमान सलाह आणि त्यांच्या गटाने २००६ मध्ये डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटचे नॅनोकण तपासले. कमी मात्रांना ते नेहमीच्या पावडरीपेक्षा कमी उजळले. पण जिथे नेहमीच्या पावडरीचे सापळे भरून उत्तर सपाट होते, तिथेही नॅनो पावडर सरळ रेषेत उत्तर देत राहिली. गटाच्या स्पष्टीकरणानुसार इतके लहान कण कमी मात्रेत किरणांच्या माऱ्यातून सुटतात, म्हणून सापळे भरायला जास्त मात्रा लागते. पृष्ठभागाकडे बोट दाखवणारे म्हणतात की आधी उजेडच गळतो आणि त्यामुळे संपृक्तता उशिरा दिसते. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच आलेखाला लागू पडतात.

उपयोगाच्या दृष्टीने मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. एक्स-रे तंत्रज्ञाच्या बॅजला मिलिसीव्हर्टचे अंश मोजायचे असतात. तिथे संवेदनशीलता गमावणे परवडत नाही. याउलट लासलगावच्या विकिरण केंद्रात कांदा किंवा अमेरिकेला जाणारा हापूस विकिरणित करताना मात्रा कितीतरी पटींनी मोठी असते आणि ती ग्रे या एककात मोजतात. २००७ मध्ये ही निर्यात सुरू झाली तेव्हा आंब्यासाठी किमान ४०० ग्रेची अट होती. अशा मोठ्या मात्रांना सरळ उत्तर देणारी पावडर कामाची आहे. पण तिथे रासायनिक मात्रामापके आधीच रुळलेली आहेत, आणि नॅनो पावडरीला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागेल.

जे अजून सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव मोजणीची आहे. डोपंट किती घातला हे तराजूवर कळते, दोष किती झाले हे कळत नाही. पॉझिट्रॉन विनाशनाचे तंत्र रिकाम्या जागा दाखवते, पण नॅनो पावडरीत पॉझिट्रॉन पृष्ठभागावरही अडकतात आणि अर्थ लावणे अवघड होते. इलेक्ट्रॉन अनुनाद फक्त जोडी नसलेले इलेक्ट्रॉन पाहतो. दोन इलेक्ट्रॉन असलेली अ‍ॅल्युमिनातली निळी केंद्रे त्याला दिसतच नाहीत. संगणकीय गणितात ऊर्जेच्या दरीचा आकारच वर्षानुवर्षे चुकत आला. सुधारित पद्धतींनी तो बराच सावरला असला तरी सापळ्याची खोली तापमानाच्या अंशांत सांगण्याइतकी अचूकता आलेली नाही. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषणाची सोय आहे. २०२० च्या बेल्जियन प्रयोगासारखी, पावडरीवर उजेड चालू असतानाची मोजमापे कॅल्शियम सल्फेटवर झाली तर नंबींच्या मांडणीचा प्रश्न थेट तपासता येईल.

दुसरी उणीव नोंदींची. अनेक निबंधांत क्ष-किरण विवर्तनाच्या रेषांच्या रुंदीवरून कण ३० किंवा ४० नॅनोमीटरचे असल्याचे लिहिलेले असते. ती रुंदी एका स्फटिकखंडाचा आकार सांगते. प्रत्यक्षात असे शेकडो खंड चिकटून मायक्रोमीटरचा गोळा झालेला असू शकतो, आणि ज्वलनाच्या पावडरीत तसे बहुधा असतेच. उजेडाची तीव्रता ‘यादृच्छिक एककांत’ दिलेली असते, त्यामुळे नागपूरची पावडर आणि दिल्लीची पावडर यांतली उजवी कोणती हे कागदावरून ठरत नाही. शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे किती परत मिळाले, हा आकडा दिल्याशिवाय नॅनोचा कोणताही दावा तोलता येणार नाही, आणि तो आकडा मागण्याची वेळ केव्हाच आली आहे.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. बॅजमधली पट्टी एकदा वापरून टाकून देत नाहीत. वाचून झाल्यावर ती पुन्हा तापवून सापळे रिकामे करतात आणि पुढच्या तिमाहीसाठी पाठवतात. मायक्रोमीटरच्या कणांना हे चक्र मानवते. नॅनोकण मात्र तापवल्यावर एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात, पृष्ठभाग घटतो, चिकटलेले हायड्रॉक्सिल गट निघून जातात आणि रिकाम्या जागा सरकतात. म्हणजे दहाव्या वाचनाच्या वेळी मोजली जाणारी पावडर पहिल्या वाचनाच्या वेळी होती तीच असेल, याची खात्री देता येत नाही. कोणत्या डोपंटच्या जोडीने किंवा कोणत्या आवरणाने हा बदल थोपवता येईल, यावरचे प्रयोग आज चालू आहेत, आणि ट्रॉम्बेच्या बॅजमध्ये अजून जुनी, चाळणीतून गाळलेली भरड पावडरच आहे.